छत्रीवाल्याचा तिसरा आवाज

३ फेब्रुवारी

ताई,

आधी मुद्द्याचं लिहितो, म्हणजे पत्र फाडलंस तरी तेवढं वाचून झालेलं असेल. आपलं छत्रीवाल्याच्या खेळाचं यंत्र सापडलंय. चालू आहे. तुझ्या बाराही धुना त्यात आहेत आणि मी त्या बाहेर काढणार आहे.

आता नमस्कार. मी बरा आहे, ही बरी आहे, वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं दुकानही बरं चाललंय. बिघडलेले काटे माझ्या टेबलावर येऊन शहाणे होतात आणि मालकाकडे परत गेले की पुन्हा बिघडतात, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नाही. फोन करणार होतो. पण बाबा गेले तेव्हा तू माझ्याकडे न बघता जशी निघून गेलीस, त्यावरून तू फोन उचलणार नाहीस हे कळायला ज्योतिषी नको. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

यंत्र सापडलं एका लाँड्रीत. तिथला कपडे तोलायचा काटा दुरुस्त करायला गेलो होतो. मागच्या खोलीत साबणाच्या पिंपांशेजारी आपली पेटी उभी, डोक्यावर चादरींचा ढीग. बाजूच्या चित्रातल्या छत्रीवाल्याचा चेहरा उडून गेलाय, छत्री शाबूत आहे. मी कुणाला न विचारता चादरी उतरवल्या आणि पिन लावली. पडदा उजळला, पहिली धून सुरू झाली आणि मी मटकन एका पिंपावर बसलो. पिंपावर साबण सांडलेला होता हे घरी आल्यावर हिनं सांगितलं.

"चालतंय की!" लाँड्रीवाले म्हणाले. "आमच्या वडिलांनी घेतलेलं. कपडे होईस्तोवर गिऱ्हाईक खेळत बसायचं."

मी म्हटलं, हे यंत्र मी बनवलंय. ते हसले. असं सांगणारे त्यांना बरेच भेटले असावेत. मग म्हटलं, यातलं संगीत माझ्या बहिणीनं केलंय. तेव्हा मात्र ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "ते होय? ते आमची आई इस्त्री करताना गुणगुणायची." ताई, हे वाक्य मी बनवलेलं नाही.

काट्याच्या दुरुस्तीच्या बदल्यात पेटी माझ्या दुकानात आली. आता अडचण सांगतो. आपल्या खेळांच्या दुकानाच्या मालकांना नकलेची किती धास्ती होती ते आठवतंय ना? त्यांनी सगळा प्रोग्रॅम कुलूपबंद करून ठेवला आणि कुलपाची किल्ली ठेवली एका एवढ्याशा चिपमध्ये, जी बटणाएवढ्या बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पेटीत उरतं नुसतं भंगार. आपण चाळीस यंत्रं बनवली होती. एकोणचाळीस अशीच गेली. या शेवटच्या बॅटरीत तीन व्होल्ट असायला हवेत, मी मोजले तर सव्वादोन भरले. दोनच्या खाली गेली की खेळ खलास. उद्याही जाईल, सहा महिन्यांनीही जाईल. मालकांचा धंदा बुडाला तेव्हा टेपा रद्दीत गेल्या, त्यामुळे तुझ्या धुना जगात आता एवढ्या एका पेटीत आहेत.

जुन्या खेळांचं संगीत जपणारा एक संग्रह आहे आपल्याकडे, बंद पडलेल्या बँकेच्या तळघरात. तिथल्या बाईंशी बोललो. त्या प्रत्येक धुनेखाली करणाऱ्याचं नाव लावतात. खेळाच्या पडद्यावर फक्त मालकांचं नाव होतं. मला तिथं तुझं नाव लावायचंय. एवढं एकदा हो म्हण.

राहता राहिला तिसऱ्या आवाजाचा विषय. यंत्राला एकूण चार आवाज होते, तीन सुरांचे आणि एक नुसत्या खरखरीचा. तुझं संगीत तिन्ही सुरांसाठी लिहिलेलं होतं. माझ्या पावलांना, उड्यांना आणि आदळआपटीला एक आवाज हवा होता, तेव्हा तिसरा घेतला गेला. पाऊल वाजलं की तुझा तिसरा सूर बंद. त्यावरून तू गेलीस हे मला माहीत आहे. पण ते मालकांनी ठरवलं होतं, मी नाही. हे एकतीस वर्षांत एकदा कागदावर यायला हवं होतं, आलं.

तुझा भाऊ (याला तुझाही इलाज नाही)


१० फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, माझंही अडलेलं नाही.

बॅटरी २.१ वर आली. आठवड्यात इतकी उतरली. शनिवारी दुपारी दुकान अर्धं बंद करून बदलणार. बदलताना किल्लीची वीज क्षणभरही तुटता कामा नये, नाहीतर मीच शेवटचं यंत्र मारल्यासारखं होईल. आधी नवी बॅटरी जुनीच्या जोडीला जोडायची आणि मग जुनी काढायची. सांगायला सोपं आहे.

काही झालं तर कळवीन. काही नाही झालं तरी कळवीन.


१५ फेब्रुवारी

ताई,

जमलं. पण श्रेय माझं नाही.

मी सगळी तयारी केली. भिंग लावलं, डाख द्यायची सळई तापवली, दोन बारीक तारा सोलून ठेवल्या. पहिली तार लागली. दुसरी लावायला गेलो तर हात असा थरथरायला लागला की तारेचं टोक चिपच्या शेजारच्या तीन पायांवरून फिरून आलं. ही शेजारी स्टुलावर बसून बघत होती.

"सरका," म्हणाली.

"तुला यातलं काय कळतं?"

"कुठं टेकवायची ते सांगा. तीस वर्षं काजं करतेय मी, तुमच्यासारखे हात असते तर गावातल्या एकाही शर्टाला बटण लागलं नसतं."

मी बोटानं जागा दाखवली. तिनं चष्मा कपाळावर ढकलला, श्वास धरला आणि तार टेकवली. एकदाच. मग मी जुनी बॅटरी कापून काढली. यंत्र चालू केलं. पडदा काळा. मी मनातल्या मनात तुला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. मग तिनं पडद्याची सैल झालेली पिन आत दाबली आणि छत्रीवाला गच्चीवर उभा. मला रडू आलं. ती म्हणाली, चहा टाकते.

नवी बॅटरी वीस वर्षं तरी जाईल. पण मी तिच्या भरवशावर बसणार नाही. धुना या महिन्यातच काढणार.

ता. क. मी पोस्टात टाकण्याआधी हिनं माझं पहिलं पत्र वाचलं होतं, हे आज कळलं. म्हणाली, "बहिणीला पत्र लिहिताय की पोलिसांत जबाब देताय? 'तिसरा घेतला गेला.' आपोआप गेला का तो?" मी म्हटलं, तू चहा दे.


२७ फेब्रुवारी

ताई,

आज तुझा तिसरा आवाज ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा.

कसं ते सांगतो. तू हेडफोन लावून तुझ्या टेबलावर धुना बांधायचीस आणि मी समोरच्या टेबलावर आदळआपट करायचो. मोठ्या यंत्रावर दोन्ही एकत्र आलं तेव्हा माझी पावलं तुझ्या तिसऱ्यावर बसली होती. खेळणारा चालतो तोवर तिसरा बंद. तो थांबला तर ऐकू येईल, पण आपल्या खेळात थांबलं की कावळा येऊन छत्री फाडतो. म्हणजे हजारो लोकांनी तो खेळ खेळला आणि तुझं संगीत पुरतं कुणीच ऐकलं नाही. मीसुद्धा.

माझा बेत असा होता की यंत्राच्या चाचणीच्या पडद्यावर जायचं, एकेक धून निवडायची आणि वाजवायची. पडदा उघडला तर तिथं फक्त माझे आवाज. पाऊल एक, पाऊल दोन, उडी, आपटी, कावळा, छत्री फाटणे. तो पडदा मीच केला होता. तुझ्या धुनांसाठी त्यात एक ओळसुद्धा ठेवली नव्हती. का ठेवली नाही हे मला आठवत नाही, असं लिहिणार होतो.

मग वाकडी वाट धरली. यंत्राचा मेंदू आवाजाच्या चिपला सेकंदाला साठ वेळा हुकूम सोडतो: हा सूर लाव, एवढा मोठा ठेव, आता सोड. खेळ बाजूला ठेवून मी स्वतःच मेंदूला एका तारेवरून धुनेचा आकडा धाडला आणि चिपला जाणारा प्रत्येक हुकूम टिपून घेतला. नुसतं ध्वनिमुद्रण केलं तर त्यात स्पीकरची घरघर येते आणि रस्त्यावरचा हॉर्नही येतो. हुकूमच टिपले की धून जशी तू लिहिलीस तशी हाती लागते, तिन्ही सूर सुटे सुटे. खेळ चालू नाही, त्यामुळे पावलं नाहीत.

सातवी आठवते? जिला सगळे रडकी म्हणायचे, आणि मालक म्हणायचे गिऱ्हाईक झोपेल? ताई, ती रडकी नाहीच. वरचे दोन सूर तोंड पाडून चाललेत आणि खाली तिसरा त्यांची टर उडवतोय. ते खाली गेले की हा वर, ते थांबले की हा पुढे जाऊन वळून बघतो. मी दुकानात एकटाच मोठ्यानं हसलो. एक गिऱ्हाईक काटा घेऊन दारात उभं होतं, ते तसंच परत फिरलं.

हसून झाल्यावर फार वाईट वाटलं. मी सगळ्या धुना अर्ध्या मारून ठेवल्या होत्या आणि लोकांना त्या अर्ध्याच आवडल्या होत्या.

तेव्हा पहिल्या पत्रात एक दुरुस्ती. मालकांनी तिसरा आवाज घे असं म्हटलं नव्हतं. "पावलं कुठेतरी बसव रे" एवढंच म्हटलं होतं. 'कुठेतरी' मी ठरवलं. बाकी नंतर.

तुझं उत्तर नाही आलं. मावशीकडून कळलं, तू बसच्या वेळापत्रकांच्या कचेरीतून गेल्या वर्षी निवृत्त झालीस, आणि आपलं दुकान सोडल्यावर तू पुन्हा एकही धून केली नाहीस. हे दुसरं तिनं सहज बोलता बोलता सांगितलं.


१८ मार्च

ताई,

अकरा धुना पूर्ण झाल्या. प्रत्येक तीनदा काढली, तिन्ही प्रती अक्षर न अक्षर जुळल्या, मगच पुढची. संग्रहवाल्या बाईंनी त्या इंटरनेटवर लावल्यासुद्धा. खाली तुझं नाव आहे. तू हो म्हणाली नाहीस, पण नाहीही म्हणाली नाहीस, आणि मी महिनाभर थांबलो. काढायचं असेल तर एक ओळ लिही, त्याच दिवशी काढायला लावतो. पहिल्या आठवड्यात सहाशे लोकांनी ऐकल्या. एकानं लिहिलंय की तो लहानपणी हा खेळ रोज खेळायचा आणि आता त्याला कुणीतरी आपल्याच घरातली एक बंद खोली उघडून दिल्यासारखं वाटतंय.

बाराव्या धुनेनं मात्र घाम काढला.

ही शेवटची, खेळ जिंकल्यावर छत्रीवाला आपोआप घरी चालत जातो तेव्हाची. तिथवर पोचणारे विरळाच, मी स्वतः एकतीस वर्षांत पोचलेलो नाही. धुनेचा आकडा धाडला, हुकूम टिपले, तर तिसऱ्या आवाजाला भोकं. सूर चालू आहे आणि मध्येच गप्प, पुन्हा चालू, पुन्हा गप्प. ताल बघावा तर भोकं तालावर नाहीत. कुठं दोन जवळजवळ, कुठं बराच वेळ एकही नाही. जुन्या चिपमधली अक्षरं अशी पुसट होत जातात, कापडाला कसर लागते तशी. तीनदा काढलं, तीनदा तीच भोकं.

म्हणून मी ती भरली. मागचे-पुढचे सूर बघून, तुझी सवय ओळखून, अकरा धुनांमध्ये तू असं वळण कसं घेतेस ते ताडून, एकेक भोक रफू केलं. बारा दिवस लागले. आता ती सलग वाजते. छान वाजते, ताई.

बाईंशी यावरून जुंपली. त्यांचा नियम आहे की जे निघालं ते तसंच ठेवायचं, शंका असेल तर शेजारी टीप लिहायची, हात लावायचा नाही.

"भरलेली प्रत मी घेणार नाही," म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत तिथं काय होतं?"

"माझी सख्खी बहीण आहे. तिच्या बोटांतलं मला कळतं."

"शेवटचं कधी बोललात तुमच्या बहिणीशी?"

या बाई पूर्वी न्यायालयात टंकलेखक होत्या. प्रश्न विचारायची रीत तिथूनच उचललेली दिसते. मी आवाज चढवला, नको ते बोललो. शेवटी त्यांनी माझ्या सहीचा कागद घेतला की दुरुस्तीची सगळी जबाबदारी माझी, आणि माझी प्रत लावली. मूळ भोकांची प्रत त्यांनी कपाटात ठेवली.

तर बाराही धुना वाचल्या. म्हटलं होतं ना, काढणार म्हणून.


९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं.

पाकीट नाही, मायना नाही, खाली सही नाही. पण एकतीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या चारदा वाचलं. "बारावी ऐकली. मधल्या जागा तू भरल्यास. त्या बिघडलेल्या नव्हत्या. मोज."

आधी राग आला, खरं सांगतो. बारा दिवस डोळे फोडून काम केलं आणि तू एका शब्दात निकाल लावलास. मग मोजल्या. सव्वीस.

सव्वीस हा आकडा मला पाठ आहे. छत्रीवाला शेवटी घरी जातो ती सव्वीस पावलं मीच बसवली होती. सगळ्या खेळात त्याची पावलं ठोक्याला ठोका पडतात. शेवटी मला तो माणसासारखा चालायला हवा होता. आधी थकलेला, सावकाश. मग मध्ये थांबतो, छत्री झटकतो. मग घर दिसल्यावर दोन पावलं लगबगीनं. सगळ्या कामात मला अभिमान वाटावा असं तेवढंच होतं आणि त्याबद्दल कुणी कधी एक अक्षर बोललं नाही.

जुन्या वहीतून पावलांच्या वेळा काढून तुझ्या भोकांशेजारी ठेवता आल्या असत्या. पण मला ते यंत्रावरच ऐकायचं होतं. त्यासाठी खेळ जिंकायला हवा. चार दिवस रोज दुपारी खेळलो. पंचावन्नाव्या वर्षी अंगठे चालत नाहीत. कावळ्यानं किती छत्र्या फाडल्या याची गणतीच नाही. दारात काटे घेऊन माणसं उभी आणि मी पेटीपुढे वाकलेला. ही त्यांना सांगत होती, "बसा जरा, ते महत्त्वाच्या कामात आहेत," आणि तोंड फिरवून हसत होती. काल पावणेचारला बाराव्या गच्चीवरून उतरलो. हात सोडले. छत्रीवाला घरी निघाला.

ताई, एकही सूर तुटला नाही. सगळ्या खेळात माझं पाऊल तुझा तिसरा सूर कापत जातं. इथं पाऊल पडायच्या आधी तुझा सूर बाजूला होतो आणि पाऊल पडून गेल्यावर पुढं येतो. तो छत्री झटकायला थांबतो तेव्हा तुझा सूर एकटाच लांबवर जातो आणि त्याची वाट बघतो. लगबगीच्या दोन पावलांना तू दोन जागा सोडल्या आहेस, जवळजवळ. तिथं माझी पावलं पडतात तेव्हाच धून पुरी होते. त्या जागा मी कसर समजून बुजवल्या. म्हणजे दुसऱ्यांदा तेच केलं.

ही माझ्या मागे उभी होती. धून संपल्यावर म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं."

हो. तुला माहीत होतं. मी इतकी वर्षं समजत होतो की यंत्रं बाजारात गेल्यावर तू कुठंतरी ते ऐकलंस, हादरलीस आणि चिडून गेलीस. पण या सव्वीस जागा सोडायच्या तर पावलं तिसऱ्या आवाजावर बसलीत हे तुला आधी कळायला हवं. चिप भरायच्या आधी तू पावलांच्या वेळा माझ्या टेबलावरून उतरवून घेतल्यास आणि शेवटची धून नव्यानं लिहिलीस. मालकांकडे तक्रार केली नाहीस. मला जाब विचारला नाहीस.

नाही, विचारलास. त्या शेवटच्या दोन आठवड्यांत आपण रोज संध्याकाळी दुकानातून चालत घरी यायचो आणि पुलाच्या अलीकडे आल्यावर तू म्हणायचीस, "काय रे, काही सांगायचंय का?" मी म्हणायचो, "कुठं काय." मला वाटायचं, तू सहज विचारतेस. तू रोज विचारलंस आणि मी रोज "कुठं काय" म्हणालो. पंधराव्या दिवशी तुझं टेबल रिकामं होतं.

तेव्हा आता जे 'बाकी नंतर' म्हणून ठेवलं होतं ते लिहितो. चौथा आवाज मोकळा होता. खरखरीचा. पावलांना तोच योग्य होता, आणि मी आधी पावलं त्याच्यावरच बसवली होती. मग पहिलं यंत्र लोकांपुढे ठेवून पाहिलं तो दिवस आला. त्या दिवशी तिसरा वाजत होता, पण गलक्यात मी फक्त माझीच पावलं ऐकत होतो. लोक खेळले आणि जाताना सगळे तुझी धून गुणगुणत गेले. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "सगळे हिच्या संगीताचंच बोलतायत. तुझं यात काय रे?" त्यांच्या मनात काही नव्हतं. तू लगेच म्हणालीस, "चालतो-उडतो तो सगळा हाच आहे, बाबा." ते तर मला आणखीच झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी पावलं चौथ्यावरून काढली आणि तिसऱ्यावर ठेवली. पाच मिनिटांचं काम. म्हटलं, आता ऐकू दे लोकांना माझंही काहीतरी.

मालकांचा यात काही संबंध नाही.

आज सकाळी संग्रहात जाऊन आलो. बाईंना म्हटलं, माझी प्रत काढा. त्यांनी काही टोमणा मारला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. कपाटातून मूळ प्रत काढली. शेजारी टीप हवी म्हणाल्या. मी लिहिली: 'बाराव्या धुनेतल्या सव्वीस जागा संगीतकारानं जाणून सोडल्या आहेत. त्या पावलांसाठी आहेत. यापूर्वीच्या प्रतीत त्या भरल्या गेल्या होत्या.' बाईंनी वाचलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं. मी 'भरल्या गेल्या होत्या' खोडून 'मी भरल्या होत्या, माझी चूक' असं लिहिलं. आता तिथं बारावीच्या दोन प्रती आहेत, एक नुसत्या सुरांची आणि एक पावलांसकट. कुठली खरी म्हणायची हे तू सांगायचं. त्यात मी बोलणार नाही.

ही म्हणते, एवढं सगळं लिहिलंत, झालं आता. नाही झालं. तू मला लिहून मागितलं नव्हतंस.

शनिवारी सकाळच्या बसनं निघतो, साडेबाराला तुझ्याकडे पोचेन. वेळापत्रक तूच केलेलं असेल तर बरोबर साडेबाराला. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी बाहेरच्या पायरीवर बसेन, डबा बरोबर घेऊनच निघणार आहे. पण उघडलंस, तर मला 'ये' म्हणू नकोस आणि कसा आहेस विचारू नकोस. काही सांगायचंय का, तेवढं एकदा विचार.

भाऊ